मुहूर्ताआधीची पंगत

मंडळी, ऐका. आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका, लगेच दिलेलं उत्तर माणूस चप्पल शोधेपर्यंत विसरतो. प्रश्न असा — एका छपराखाली बसलेली माणसं एकत्र असतात का?

तिसऱ्या रांगेतले काका मान डोलवतायत. असतात म्हणे. बरं. दाताच्या दवाखान्यात बाकावर बसलेली माणसं एकत्र असतात? छप्पर एकच, पंखा एकच, भिंतीवरचा दाताचा फोटोसुद्धा एकच. पण प्रत्येकाची दाढ वेगळी आणि कळ वेगळी. मग घरात? घरात तरी असतात? — बघा, आता काकांची मान थांबली.

हरीनं माणसाला हात दिले, पाय दिले आणि तोंडात एक जीभ दिली. कशाला दिली? चव घ्यायला, कबूल. पण ते काम गाय-म्हैससुद्धा करते. माणसाच्या जिभेला एक जादा काम दिलंय — विचारायचं. 'का हो, तुमच्याकडं कसं ठरलंय?' एवढंच. तप नको, उपास नको. शेजारच्याकडं तोंड वळवायचं आणि विचारायचं. हे काम बंद पडलं की काय होतं, ते सांगणारं आख्यान आज घेतलंय. यात राजा नाही, राणी नाही, राक्षस नाही. म्हणजे राक्षस आहे, पण त्याला तिथं 'प्रोसेस' म्हणतात.

तर पुण्यात एक सॉफ्टवेअर कंपनी होती. नाव सांगत नाही. समोर निम्मे लोक आयटीतले बसलेत, प्रत्येकाला वाटू दे की बुवा शेजारच्याच्या कंपनीबद्दल बोलतोय. या कंपनीनं एक ॲप काढलं होतं, 'मांडव' नावाचं. लग्नाचं ॲप. स्थळं जुळवणारं नव्हे हं, ताई, पिशवीतून चष्मा काढू नका. लग्न ठरल्यानंतरचं. तुम्ही फक्त मुहूर्त सांगायचा. मग कार्यालय कधी उघडायचं, पानं कधी वाढायची, वऱ्हाडाची बस कधी लावायची, सगळं ॲप बघणार. पाहुण्यांच्या फोनवर निरोप येणार, आणि कार्यालयाच्या भोंग्यातून एक बाई इतक्या गोड आवाजात सांगणार की नवऱ्यानं आयुष्यात तसं काही ऐकलेलं नसणार.

आता एवढं मोठं काम, म्हणून त्याचे तीन तुकडे केले. एक बुकिंगची टीम, एक पंगतीची, एक बसची. तिन्ही टीम एकाच मजल्यावर, मध्ये काचेच्या भिंती. म्हणजे एकमेकांना दिसायचं सगळं. ऐकू काही यायचं नाही. टीव्हीचा आवाज बंद करून मालिका बघावी तसं.

बुकिंगच्या टीमचा प्रमुख होता विक्रांत खैरनार. नाशिककडचा पोरगा. वडील गेलेले, घरी आई निर्मलाताई आणि धाकटी बहीण जागृती. पोरगा गुणाचा. आपल्या टीमसाठी जीव टाकायचा. आपल्या टीमचं काम चोख, आपल्या टीमला वेगळं कॉफीचं मशीन, आपल्या टीमचा वेगळा टी-शर्ट. आणि घोळ तिथंच सुरू होतो बघा. माणूस 'आपलं' म्हणून एक कुंपण घालतो, आणि कुंपणाच्या पलीकडं आपोआप 'त्यांचं' उगवतं.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी सगळे एकाच हॉलमध्ये बसायचे. आजची पंगतीच्या टीमची प्रमुख उज्ज्वला इनामदार तेव्हा विक्रांतच्या समोरच्या टेबलावर होती. तिथून ओरडायची, 'विक्या, तारीख आधी लिहितोस की महिना?' आणि हा तोंडात घास ठेवून हातानं खूण करायचा. झालं. काम पुढं. मग एक नवे साहेब आले. म्हणाले, 'या गोंगाटानं लक्ष विचलित होतं.' काचा बसवल्या. गोंगाट गेला. आणि कुणाला काही विचारायचं असेल तर तिकीट टाकायचं.

तिकीट म्हणजे देवदर्शनाचं नव्हे, आज्जी. कॉम्प्युटरवर अर्ज लिहायचा की अमुक गोष्ट हवी आहे. तो समोरच्या टीमच्या रांगेत जाऊन उभा राहतो. मग ते उत्तर देतात आणि तिकीट बंद करतात. इथं तिकिटाचं काम होण्यापेक्षा तिकीट बंद होण्याला महत्त्व.

एकदा काय झालं, पंगतीच्या टीमकडच्या मायक्रोवेव्हमध्ये कुणाचं तरी पोहे गरम करायचं भांडं जळलं. काचेच्या फटीतून धूर बुकिंगवाल्यांकडं यायला लागला. विक्रांतनं काय केलं? उठून गेला? छे. तिकीट टाकलं — 'तुमच्याकडून आमच्या बाजूला धूर येत आहे.' थोड्या वेळानं उत्तर आलं — 'तपासले. आता आमच्या बाजूला धूर नाही. तिकीट बंद.' अहो, सगळा धूर इकडं आला, तर तिकडं राहील कसा?

गणेशोत्सवात एकाच मजल्यावर तीन गणपती. संध्याकाळी तीन आरत्या एकदम. बुकिंगची आरती जलद, पंगतीची संथ, बसच्या टीमचा प्रमुख फिरोज तांबोळी, तो प्रसादाला मोदक भारी आणायचा म्हणून त्यांच्याकडं गर्दी जास्त. मधल्या काचा थरथरत असायच्या. गणपती तिन्हीकडं बघून विचार करत असेल, माझं नक्की आसन कुठलं?

आणि दर सोमवारी साहेबांची बैठक. त्याला नाव 'समन्वय'. तीन प्रमुख यायचे, भिंतीवरचा पडदा बघायचे. पडद्यावर तीन चौकोन. काम ठीक असेल तर हिरवा, बिघडलं तर लाल. प्रत्येक जण आपापला चौकोन दाखवून म्हणायचा, 'आमचं हिरवं.' 'आमचंही हिरवं.' 'हिरवं.' साहेब खूश. मंडळी, तीन हिरव्या चौकोनांच्या मधल्या जागेला रंगच नव्हता. ती कुणाचीच नव्हती.

अशात जागृतीचं लग्न ठरलं. मुलगा गडहिंग्लजचा, अभिषेक मगदूम. मुलाचे वडील बाळासाहेब, आई शालनताई. माणसं मानी, पण मनानं मोकळी. पुणे मध्ये पडतं म्हणून शिरवळच्या बाजूला महामार्गावरचं एक कार्यालय धरलं. आणि विक्रांतनं जाहीर केलं, 'मामांची धावपळ नको, काकूंची आरडाओरड नको. लग्न आमच्या ॲपवर होणार.'

जागृती म्हणाली, 'दादा, मला साधं लग्न चालेल.'

'हे साधंच आहे गं. उलट कुणाला कुणाशी बोलायलाच लागणार नाही.'

ऐकलंत? लग्न, आणि कुणाला कुणाशी बोलायला लागणार नाही. हे त्यानं कौतुकानं सांगितलं.

'आणि चुकलं काही तर?' जागृती म्हणाली. 'बाबा नाहीत दादा. मुलाकडच्यांपुढं आईला मान खाली घालायला लागली, तर मी तुला माफ करायची नाही.'

'चुकणार नाही. मी आहे ना.'

आता मंडळी, इथं जरा लक्ष द्या, कारण गोम इथं आहे. मुहूर्त होता बारा वाजून चाळीस मिनिटांचा. लग्न लागल्यावर पंगत एक वाजता. सरळ हिशेब. पण ॲप तयार करताना विक्रांतच्या मनात काय? 'ही पंगतवाली टीम नेहमी उशीर करते. यांना एकचं सांगितलं तर दोन वाजवतील.' म्हणून त्यानं गुपचूप एक तास आधीची वेळ पुढं पाठवायची सोय करून ठेवली. एकऐवजी बारा. सांगितलं कुणाला? नाही.

तिकडं उज्ज्वलाच्या मनात काय? 'हे बुकिंगवाले नेहमी ऐनवेळी सांगतात. आपण आपलं तासभर आधी धरावं.' बाराचे झाले अकरा. सांगितलं कुणाला? नाही.

आणि फिरोज? त्याच्याकडं पंगतीची वेळ आली अकरा. दीड तासात जेवणं आटोपतात, म्हणजे बस साडेबाराला. तो म्हणाला, 'पंगत लांबते, गडहिंग्लज लांब आहे, आपण अर्धा तास आधी हाका मारू.' बारा. सांगितलं? बोटं मोडू नका काकू, तुम्हाला उत्तर माहीत आहे.

तिघंही हुशार. तिघांनीही भल्यासाठीच केलं. आणि तिघांनी आपापला तुकडा तपासला तर तुकडा चोख. पण सगळे तुकडे जोडून कुणी बघितलंच नव्हतं, कारण जोडणं हे कुठल्याच टीमचं काम नव्हतं. एवढे दिवस निभावलं कसं म्हणाल, तर आधीच्या लग्नांत ॲपवर फक्त कार्यालय तेवढं ठरायचं. पंगत, बस, भोंगा सगळं एकत्र लावून झालेलं हे पहिलंच लग्न. घरचं होतं ना.

लग्नाचा दिवस उजाडला. कार्यालय सजलेलं, सनई चालू. विक्रांत फेटा बांधून दारात उभा, एका हातानं नमस्कार, दुसऱ्या हातात फोन. फोनवर तीन चौकोन. हिरवा, हिरवा, हिरवा. ऑफिसातली मंडळीही आलेली. तीन टीम तीन कोपऱ्यांत. इथं काच नव्हती, तरी काच असल्यासारखी बसली होती.

अकरा वाजले आणि भोंग्यातली बाई बोलली, 'सर्व पाहुण्यांनी कृपया पंगतीला बसावे. भोजन तयार आहे.'

गर्दीत जरा चुळबुळ झाली. शालनताईंनी नवऱ्याच्या शर्टाची बाही ओढली. 'आवो, लग्नाच्या आधी जेवण?'

बाळासाहेब हळूच म्हणाले, 'त्यांच्यात असंच असंल. नाशिककडची पद्धत वेगळी असतीया.'

'विचारा की त्यांना.'

'येडी का काय तू? दुसऱ्याच्या मांडवात येऊन पद्धत विचारायची? शोभतं का आपल्याला? चल, बस पानावर.'

आता मांडवाच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय बघा. जागृतीचे रमेशमामा निर्मलाताईंना म्हणाले, 'ताई, हे लोक तर जेवायलाच निघाले.'

'अरे हो रे. मुहूर्त तर अजून लांब आहे.'

'कोल्हापूरकडं असंच असेल. आधी पोट, मग लग्न.'

'मग विचार ना जाऊन.'

'मी? मुलाकडच्यांना जाऊन म्हणू, पानावरून उठा? ताई, जन्मभर बोलून दाखवतील.'

झालं. त्यांना वाटलं यांची पद्धत, यांना वाटलं त्यांची. दोन्ही बाजू इतक्या सभ्य, इतक्या सभ्य, की सभ्यतेपोटी अख्खं वऱ्हाड मुहूर्ताआधी जिलेबीवर बसलं. जिलेबी चांगली होती, हे मात्र सगळ्यांनी मान्य केलं. मसालेभातावर तूप, मठ्ठा गार. आग्रह चाललाय, 'घ्या हो, घ्या.' आणि नवरदेव? बिचारा अभिषेक मुंडावळ्या बांधून कोचावर. विधी होईपर्यंत त्याला खायचं नाही. समोरून जिलेबीची ताटं जातायत आणि हा त्यांच्याकडं बघतोय.

विक्रांतला दारातून दिसलं की लोक आत सरकतायत. दारातल्या सनईत भोंगा त्याला ऐकू आला नव्हता. त्याला वाटलं, वयस्कर मंडळींना आधी बसवलं असेल. फोन बघितला. हिरवा. फोन खिशात टाकला.

आणि बारा वाजले.

'गडहिंग्लजकडे परतणाऱ्या पाहुण्यांनी कृपया बसमध्ये बसावे. आपल्या येण्याने कार्याला शोभा आली. पुन्हा यावे.'

बाळासाहेबांच्या हातात जिलेबीचा तुकडा होता. तो हवेतच राहिला. म्हणाले, 'शोभा आली? कशाला शोभा आली? कार्य कुठाय?'

आता मात्र माणूस दुखावला. दुखावणारच. लेकाच्या लग्नाला एवढ्या लांबून आले, जेवायला घातलं आणि भोंग्यावरून सांगितलं, निघा. तुम्ही असता तर? तुम्ही तर भोंगा काढून नेला असता.

'शालन, उठ. सगळे उठा. आपण काय जेवणाचे भुकेले म्हणून आलो नव्हतो. अभि, तू पण चल.'

'बाबा, लग्न—'

'चल म्हणतो ना.'

आणि मंडळी, अख्खं वऱ्हाड हात धुऊन, पान खाऊन, बसमध्ये जाऊन बसलं. खिडकीशी नवरदेव, मुंडावळ्या लावलेला, उपाशी. मागच्या सीटवरची दोन माणसं तर जेवणाच्या गुंगीत घोरायलाही लागली.

आत गुरुजी अंतरपाट घेऊन उभे. 'मुलाकडचं कुणी आहे का?' कुणी नाही. निर्मलाताईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्या मटकन पाटावर बसल्या. जागृती शालू नेसून उभी होती. तिनं आईकडं बघितलं आणि मग भावाला शोधायला निघाली.

भाऊ कुठं होता? तर भाऊ मांडवाच्या खांबाला टेकून तिकीट टाकत होता. होय. ऐन लग्नात. 'तातडीचे. पंगत मुहूर्ताआधी झाली. कारण कळवावे.' पाठवलं. मांडवाच्या पलीकडच्या कोपऱ्यात, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ, उज्ज्वला आइस्क्रीम खात होती. तिचा फोन वाजला. तिनं वाचलं, चमचा तोंडात धरून उत्तर लिहिलं — 'तपासले. पंगत आमच्या वेळेनुसार वेळेत. तिकीट बंद.' दुसरं तिकीट फिरोजला. तो पान लावत होता. उत्तर — 'बस वेळेत. तिकीट बंद.' आणि फोनवर चौकोन? हिरवा, हिरवा, हिरवा. मुलगी मांडवात बिनलग्नाची उभी आहे, नवरदेव बसमध्ये आहे, आणि पडद्यावर सगळं आबादीआबाद.

जागृतीनं त्याच्या हातातून फोन घेतला.

'कुणाला लिहितोयस?'

'उज्ज्वलाला.'

'ती कोण?'

विक्रांतनं बोट दाखवलं. जागृतीनं तिकडं बघितलं, मग भावाकडं बघितलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कसा, विळ्याच्या धारेसारखा. 'दादा, ती बाई समोर बसलीय. ती तिथं, आइस्क्रीम घेऊन. तू उठून जाऊ शकत नाहीस? माझं लग्न मोडतंय आणि तुझ्यानं चार खुर्च्या ओलांडवत नाहीत?'

मंडळी, कैलासाला जाणं सोपं. त्या चार खुर्च्या ओलांडणं अवघड. पण विक्रांत निघाला. उज्ज्वलासमोर जाऊन उभा राहिला. तिच्या टीमची पोरं दचकून उठलीच, एखादा परग्रहावरचा माणूस आल्यासारखी.

तो म्हणाला, 'उज्ज्वला, मी तुला किती वाजताची वेळ पाठवली होती?'

'बारा. आणि मी अकरा धरली. तुमचं नेहमी शेवटच्या घटकेला येतं, म्हणून.'

'अगं, मी मुळात बारा पाठवली ती तुमचा उशीर होतो म्हणून. खरी वेळ एकची होती.'

फिरोज पान अर्धवट टाकून आला होता. तो हळूच म्हणाला, 'आणि मी त्यातून अर्धा तास अजून काढला.'

अडीच तास वेळ तिघांनी मिळून खाल्ला होता आणि एकालाही दुसऱ्याचा घास माहीत नव्हता. उज्ज्वलानं आइस्क्रीमची वाटी खाली ठेवली. 'विक्या,' ती म्हणाली — किती दिवसांनी 'विक्या' म्हणाली — 'हे आधी एकदा ओरडून विचारलं असतंस तर?'

'तूच म्हणाली असतीस, तिकीट टाक.'

'हो, म्हणाले असते,' ती म्हणाली. 'चल आता.'

तिघं धावले बसकडं. बस चालू झालेली. फिरोज ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन म्हणाला, 'गाडी थांबवा.'

ड्रायव्हर म्हणाला, 'स्क्रीनवर निघा आलंय.'

'ते मीच बनवलंय. मी सांगतो, थांबा.'

'साहेब, मागं एकदा दुसऱ्या कंपनीत तोंडी ऐकलं म्हणून मला मेमो मिळाला. स्क्रीनवर थांबा येऊ द्या, थांबतो.'

फिरोजनं फोन काढला आणि त्याचा चेहरा पडला. गाडी थांबवायला बुकिंगच्या टीमची मंजुरी लागते. तो विक्रांतकडं वळला. 'तुझी मंजुरी पाहिजे.'

'मंजूर.'

'अरे, तोंडी नाही चालत. सिस्टिममध्ये दे.'

'माझा फोन जागृतीकडं आहे!'

बस सरकायला लागली. आणि मंडळी, तेवढ्यात बसच्या पुढं कोण येऊन उभं राहिलं? शालू नेसलेली, हातभर हिरव्या बांगड्या, कपाळावर बाशिंग. जागृती. हात पसरून नाही, ओरडून नाही. नुसती उभी राहिली. ड्रायव्हरनं तिच्याकडं बघितलं, स्क्रीनकडं बघितलं, आणि इंजिन बंद केलं. नवरीच्या अंगावर गाडी घाला असं कुठल्या स्क्रीनवर येतं का?

बाळासाहेबांनी खिडकीतून मान बाहेर काढली. 'पोरी, बाजूला हो. आम्हाला निरोप मिळालाय.'

विक्रांत हात जोडून पुढं झाला. 'बाबा, कुणी निरोप दिला नाही तुम्हाला. भोंग्यातली ती बाई खरी नाही. आम्ही तिघांनी केलेला गोंधळ आहे तो. मी, ह्या आणि हे. तिघांनी आपापल्या मनानं वेळ मागं ओढली. एकानंही दुसऱ्याला विचारलं नाही.'

'तुम्ही तिघं कुठं कुठं असता?'

'एकाच ऑफिसात.'

'वेगवेगळ्या गावांत?'

'नाही. एकाच मजल्यावर.'

'मग मध्ये काय डोंगर हाय?'

'काच आहे.'

बाळासाहेबांनी जरा विचार केला. 'काच म्हणजे पलीकडचं दिसतं ना?'

'दिसतं.'

'आणि तरी बोलत नाही?'

याचं उत्तर आलं बसमधून. शालनताई म्हणाल्या, 'त्यांच्यात काच तरी होती. आपण ओ? एका मांडवात होतो, मध्ये पडदासुद्धा नव्हता. मी म्हटलं नव्हतं, विचारा म्हणून?'

मागचे दोघं घोरायचेसुद्धा थांबले. तेवढ्यात निर्मलाताई धापा टाकत आल्या. बाळासाहेब खिडकीतून म्हणाले, 'विहीणबाई, एक विचारतो. तुमच्यात खरंच आधी जेवतात?'

'अहो नाही हो, आम्हाला वाटलं तुमच्यात.'

'आमच्यात? आमच्यात नवरदेव उपाशी असताना घरातलं मांजरसुद्धा दूध पीत नाही.'

आणि निर्मलाताई हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी, आणि हसू आवरेना. शालनताई बसमधून उतरल्या, दोघी एकमेकींचे हात धरून रस्त्यात उभ्या राहून हसतायत. मग बाळासाहेब उतरले. मग मुंडावळ्या सावरत अभिषेक उतरला. जागृतीकडं बघून हळूच म्हणाला, 'खायला काही उरलंय का?'

'आधी हार,' ती म्हणाली. 'मग बघू.'

आत गुरुजी घड्याळाकडं बघत मंत्र इतके सावकाश म्हणत होते की एकेका अक्षराला विसावा मिळत होता. सगळे पोचले, अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं झाली, आणि बारा चाळीसला, बरोबर मुहूर्तावर, लग्न लागलं. पाहुण्यांची पोटं इतकी भरली होती की निम्म्यांनी अक्षता बसूनच टाकल्या. चालतं. आशीर्वादाला उभं राहायची सक्ती कुठं आहे?

पण नवरा-नवरी, निर्मलाताई, रमेशमामा, ही सगळी उपाशी. आणि स्वयंपाकघरात भांडी घासून पालथी घातलेली. कारण ॲपच्या हिशेबानं पंगत संपली होती. आचारी दुसऱ्या कार्याला गेले होते. उज्ज्वला किती वर्षं पंगतीचं सॉफ्टवेअर लिहीत होती, पण कार्यालयाच्या स्वयंपाकघरात तिनं पहिल्यांदाच पाऊल टाकलं. पदर खोचला, पिठलं टाकलं, भाताचं पातेलं चढवलं. फिरोज कांदा चिरायला बसला, डोळ्यांतून धारा. विक्रांत पानं मांडत होता. मधेच उज्ज्वला आतून ओरडली, 'विक्या, किती माणसं?' तो बाहेरून ओरडला, 'आपण तिघं धरून?' ती म्हणाली, 'धरून.' मंडळी, इतक्या दिवसांचं काम तेवढ्या ओरडण्यात झालं.

सोमवारी ऑफिसात काच होतीच. कंपनीची मालमत्ता, ती कशी जाईल? पण विक्रांत उठला, काचेला वळसा घालून पंगतवाल्यांच्या खोलीत गेला. सगळी टीम आग लागल्यासारखी उभी राहिली. तो म्हणाला, 'काही नाही. विचारायला आलोय.' साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, यासाठी एक वेगळी प्रोसेस करायला हवी. राक्षस एका तडाख्यात मरत नाही हो, आख्यानातसुद्धा नाही.

आता तुम्ही हसताय. तिसऱ्या रांगेतले काका तर रुमाल काढून डोळे पुसतायत. मनात म्हणताय, काय एकेक कंपन्या असतात. कंपनी? तुमच्या घरी बायको स्वयंपाकघरात आणि तुम्ही हॉलमध्ये, आणि 'चहा?' असा मेसेज कोण करतं? पोरगा आतल्या खोलीत, दार लावलेलं, तुम्ही बाहेरून अंदाज बांधता, 'त्याला काही बोललं तर आवडणार नाही.' तोही आतून अंदाज बांधतो, 'बाबांना सांगितलं तर चिडतील.' दोघांनीही आपापल्या मनानं वेळ मागं ओढलेली. दोघांचेही चौकोन हिरवे. आणि मधली जागा? ती कुणाची?

हरी कुठं राहतो, मंडळी? तुमच्या चौकोनात नाही, त्याच्याही चौकोनात नाही. तो त्या मधल्या जागेत उभा असतो, विटेवर, हात कमरेवर ठेवून. कुणीतरी वळून विचारेल याची वाट बघत. म्हणून तर तो बोलत नाही. बोलायचं काम आपल्याकडं दिलंय.

आणि हे सगळं घरापुरतं आहे असंही समजू नका. या सोसायटीत मी आज आलो. एक नंबर इमारतीच्या उत्सव मंडळानं मला बोलावलं. छान बोलावलं, आदरानं बोलावलं. फाटकातून आत आलो तर एक महाराज आधीच येऊन बसलेले. चिपळ्या काढून, उपरणं घालून. म्हटलं, तुम्ही? म्हणाले, दोन नंबर इमारतीच्या मंडळानं बोलावलंय. म्हटलं, कधी? म्हणाले, आजच. याच वेळेला. याच देवळात.

हे बघा, हे हसताय तुम्ही, आणि हसणारे निम्मे दोन नंबरचे आहेत आणि निम्मे एक नंबरचे. कुणी कुणाला विचारलं नाही. दोन्ही मंडळांना वाटलं, आपलं हिरवं.

ते महाराज तिथं मागं खांबाशी बसलेत. मघापासून ऐकतायत, मनापासून हसतायत, आणि रागावलेले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. या महाराज, पुढं या. माझ्या शेजारी बसा. एक नंबरच्या मंडळींनी त्यांना पाणी द्या, दोन नंबरच्यांनी जरा सरकून जागा करा. हं, असं. आता माझं निरूपण झालं. नामस्मरण महाराज सांगतील आणि टाळ मी धरतो. महाराज, कुठला ठेका घेणार तुम्ही? विचारून घेतो आधी.